आई गेल्यावर बंद पडलेली संध्याकाळची प्रार्थना पुन्हा कशी सुरू करावी?

ताई, सलाम.

तुम्ही काय विचारलंय ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या नेवासा भागातल्या, आता नोकरीसाठी हडपसरला. आई होती तोवर गावच्या घरात रोज दिवेलागणीला गीत, शास्त्रवाचन आणि प्रार्थना व्हायची. आई गेली आणि दोन वर्षांत सगळं सुटलं. रविवारची उपासना चुकत नाही, पण सोमवार ते शनिवार जेवणाआधीही देवाचं नाव निघत नाही. पहाटे पाचला उठून अर्धा तास प्रार्थना करायचा नेम तीनदा धरलात, तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत मोडला. यजमानांची शिफ्ट बदलती, मुलगा दहा वर्षांचा. शेवटी लिहिलंय, "माझा विश्वासच विझला का?"

मी ३१ वर्षं ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये पाळकाचं काम केलं, आधी नगर जिल्ह्यात आणि मग पुण्याच्या उपनगरांत. हा प्रश्न मला शेकडो वेळा ऐकायला मिळाला, बहुतेक वेळा उपासना संपल्यावर, दारात चपला घालता घालता, हळू आवाजात. म्हणून पहिली गोष्ट ही की तुम्ही एकट्या नाही आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, तुम्ही ते जाता जाता लिहिलंत: "शेजारच्या मावशी सात वाजले की हाक न मारता येऊन बसायच्या." ताई, मी ते वाक्य तीनदा वाचलं. तुमची अडचण आणि तिच्यावरचा उपाय दोन्ही त्यात आहे. तुम्हाला वाटतंय की आईकडे मोठा निर्धार होता आणि तुमच्याकडे तो नाही. आईचा विश्वास मोठा असेलच. पण आई थकलेली असायची त्या दिवशीसुद्धा मावशी ओट्यावर येऊन बसलेल्या असायच्या, मग पेटी काढावीच लागायची. आईच्या भक्तीला मावशींचा टेकू होता, मावशींच्या भक्तीला आईचा. हडपसरच्या चौथ्या मजल्यावर तुम्ही हे सगळं गजराच्या घड्याळावर चालवायला गेलात. एवढ्या मोठ्या घराचं ओझं एका खांबावर टाकलं तर तो वाकणारच.

म्हणून पहाटेचा नेम आत्ता बाजूला ठेवा. आधी मावशी शोधा.

म्हणजे काय, ते एका जुन्या हकिकतीवरून सांगतो. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांच्या मंडळीवर प्रार्थनाघराच्या बांधकामाचं कर्ज होतं. ते कसं फेडायचं याची बैठक बसली. एक जण म्हणाला, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, गरिबांना तेवढंही जमणार नाही. त्यावर पहिला म्हणाला, सगळ्यात गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचं मी भरतो. तशी मंडळी बारा-बाराच्या गटांत वाटली गेली आणि गटप्रमुख दर आठवड्याला दारोदार पेनी गोळा करायला जाऊ लागले. आता दारात माणूस उभा राहिला की घरातलं दिसतंच. कुठे भांडण, कुठे दारू, कुठे उपासमार. वेस्लींच्या लक्षात आलं की कर्जाच्या निमित्ताने मंडळीला हवी होती तीच गोष्ट हाती लागली आहे, दर आठवड्याला प्रत्येकाला कोणीतरी "कसं चाललंय?" असं मनापासून विचारतंय. पुढे दारोदार फिरण्याऐवजी ते गटच आठवड्यातून एकदा एकत्र बसू लागले. मेथडिस्ट लोक त्याला क्लास मीटिंग म्हणत आणि त्या चळवळीचा कणा तोच होता. उपदेश हजारो लोक ऐकायचे, पण टिकले ते या लहान गटांमुळे.

आपल्याकडच्या घरोघरच्या प्रार्थनासभा, ज्यांना सगळे कॉटेज मीटिंग म्हणतात, त्याच जातीच्या. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, अजूनही बऱ्याच मंडळ्यांमध्ये रोज एका घरी सभा होते. पण उपवासकाळ संपला की त्या संपतात, आणि चालू असतात तेव्हाही पुष्कळदा आपण तिथे छोटा रविवारच भरवतो. पाळक बोलतात, बाकीचे ऐकतात, मग चहा. "कसं चाललंय?" हा प्रश्न राहूनच जातो.

मीही तेच करत होतो. सभेच्या शेवटी विचारायचो, "कोणासाठी प्रार्थना करायची?" लोक सांगायचे, "आजाऱ्यांसाठी, देशासाठी, सगळ्यांसाठी." आम्ही सगळ्यांसाठी प्रार्थना करायचो आणि उठायचो. एका संध्याकाळी मात्र, का कोण जाणे, मी एकेकाला नाव घेऊन विचारलं, "या आठवड्यात तुमचं कुठे अडलं?"

दोन खोल्यांचं घर होतं. आम्ही दहा-बारा जण सतरंजीवर बसलो होतो. गीतांच्या पुस्तकाची पानं सुटी झालेली, ती उडू नयेत म्हणून पंखा बंद केलेला, सगळ्यांच्या कपाळावर घाम. चाळिशीतले एक गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. कामावरून थेट यायचे, जेवणाचा डबा मांडीजवळ असायचा. त्यांची पाळी आली तेव्हा ते काही बोलले नाहीत. डब्याचं झाकण फिरवत राहिले, उघडायचं, लावायचं. मग म्हणाले, "चार महिने झाले, कंपनीने काढलंय. रोज डबा घेऊन निघतो आणि बागेत बसून येतो." शेजारी त्यांची बायको बसली होती. रोज सकाळी तो डबा तीच भरत होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं.

कोणालाच काय बोलावं ते सुचेना, मलाही सुचलं नाही. सभेत एक म्हातारी आजी होती, अक्षरओळख नसलेली. तिने डोळे मिटून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. आम्ही मागोमाग म्हणू लागलो. "आमची रोजची भाकर" इथे आल्यावर ती थांबली. आम्हीही थांबलो. मग तिने तेच शब्द पुन्हा म्हटले, फक्त तेवढेच, आणि मग पुढे गेली. ती प्रार्थना मी लहानपणापासून रोज म्हणत आलो होतो, पण तिच्यातला "आमची" हा शब्द मला त्या रात्री ऐकू आला. त्या भाकरीत त्या डब्यातली भाकरीही आली होती.

पुढे सभेतल्याच दोघांनी ओळखीने त्यांना एका वर्कशॉपमध्ये चिकटवून दिलं, पगार आधीपेक्षा कमी. मला मोठं वाटतं ते हे की दुसऱ्या दिवसापासून त्यांना खोटं बोलून घराबाहेर पडावं लागलं नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. तुमच्या सोसायटीत किंवा चालत जाण्याच्या अंतरावर आपल्यातलं एक तरी घर असेल. ते तुमच्याच मंडळीचं असावं असं नाही. सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, मुक्तिफौज, कॅथलिक, कोणत्याही पंथाचं चालेल. वसईकडच्या कॅथलिक घरांत संध्याकाळी एकत्र बसून जपमाळ म्हणायची रीत आहे, पाठ असलेल्या शब्दांचं बळ त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. अशा एका बाईला, एका घराला विचारा: आठवड्यातून एक संध्याकाळ, अर्धा तास, एकदा तुमच्याकडे, एकदा आमच्याकडे? दोन घरं पुरे. प्रभूने तर आपल्या नावाने जमायला दोघे-तिघेच पुरतील असं सांगून ठेवलंय.

वार आणि वेळ ठरवा आणि मग ती हलवू नका. पाहुणे आले तर तेही बसतील. वार एकदा सरकला की पुढच्या महिन्यात तो सापडत नाही.

खाण्याचं मात्र आधीच ठरवून टाका: फक्त चहा. हे किरकोळ वाटेल, पण चांगल्या चाललेल्या सभा मी पोह्यांवरून बंद पडताना पाहिल्या आहेत. पहिल्या घरी चहा-बिस्किटं, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी वडे आणि केक. चौथं घर एका विधवा बाईचं होतं. तिने निरोप पाठवला की या वेळी आमच्याकडे नको, जागा लहान आहे. जागा लहान नव्हती. त्यानंतर मी प्रत्येक सभेत हा नियम घातला आणि मोडू दिला नाही. दानपेटीही तिथे फिरवायची नाही.

आणि एक नियम याहून कडक: तिथे बोललेलं तिथेच राहील. डबा घेऊन बागेत बसणाऱ्या माणसाची गोष्ट दुसऱ्या रविवारी चर्चच्या आवारात फिरली असती तर पुन्हा कोणी तोंड उघडलं नसतं. आपल्या मंडळ्यांमध्ये "प्रार्थनेसाठी सांगते हं" अशी सुरुवात करून दुसऱ्याच्या घरातलं बाहेर काढायची वाईट खोड आहे. ती मी तरी खपवून घेत नाही, तुम्हीही घेऊ नका.

ही झाली आठवड्याची गोष्ट. रोजचं तिच्या आधाराने आपोआप उभं राहू लागतं, पण त्यालाही थोडा आकार द्यावा लागतो. तुमच्या घराला दहा मिनिटं पुरतील. वेळ घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या कामाला बांधा. ताटं मांडली की जेवणाआधी, किंवा मुलाचं अंथरूण घातलं की. यजमान रात्रपाळीला असतील तेव्हा तुम्ही दोघंच. ते घरी असतील आणि नुसते खुर्चीत बसून राहिले तरी काही म्हणू नका. बसलेत हेच पुष्कळ.

आधी एका गीताचं एक कडवं, पुस्तक न उघडता, पाठ असेल तेवढंच. गाणं आधी का, तर दिवसभर बोलून शिणलेल्या माणसाला लगेच देवाशी बोलता येत नाही, गाता येतं. आपल्या मराठी ख्रिस्ती घरांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. १९व्या शतकात नगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत, आणि त्यांनी मंडळीला अभंगाच्या चालीची पदं दिली. त्या काळातल्या कितीतरी बायकांना वाचता येत नव्हतं. शास्त्र त्यांच्यापर्यंत टाळ-पेटीवरूनच पोचलं आणि दळता-कांडताना तोंडात राहिलं. तुमच्या आईकडे जे होतं ते त्या परंपरेतून आलेलं आहे. तुमच्या मुलाला इंग्रजी गाणी येत असतील तर तीही गा, पण आठवड्याला आजीचं एक गीत त्याच्या कानावर पडू द्या.

मग एक स्तोत्र. मी नव्याने सुरुवात करणाऱ्यांना नेहमी बायबलमधल्या स्तोत्रसंहितेकडे पाठवतो, कारण तिथे प्रार्थना तयार मिळते. स्वतःचे शब्द सुचत नसतील त्या दिवशी दावीदाचे घ्यावेत. १५० स्तोत्रं आहेत, रोज एक धरलं तर पाच महिने. ११९ वं १७६ ओव्यांचं आहे, ते आठ-आठ ओव्यांनी वाटून घ्या. अँग्लिकन मंडळीच्या प्रार्थनापुस्तकात सगळी स्तोत्रं ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत, पण नोकरी-संसार करणाऱ्या घरासाठी तो वेग फार होतो. क्रमाने वाचा, आवडीची निवडू नका. आपण निवडायला लागलो की २३ वं आणि १२१ वं यांच्यापलीकडे जात नाही, आणि मग १३ वं कधी भेटत नाही, जिथे माणूस देवाला सरळ विचारतो की कुठवर मला विसरणार? ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. आई गेलेल्या मुलीला त्या स्तोत्राची गरज असते. ज्या शास्त्रात ते ठेवलंय, त्या शास्त्राचा देव तुमच्या कोरड्या संध्याकाळीला घाबरत नाही.

वाचल्यावर त्यावर भाष्य करू नका. मुलाला "यातून काय शिकलास?" असं विचारलं की त्याला शाळा आठवते. अर्धा मिनिट गप्प बसा. मग नावं घ्या. एक साधी शंभर पानी वही ठेवा, तारीख आणि नाव, एवढंच लिहायचं. खालच्या मजल्यावरचे आजोबा, वर्गातला हात मोडलेला मित्र, ऑफिसात त्रास देणारी बाईसुद्धा. रोज तीन नावं. त्यातलं एक नाव मुलाने सांगायचं आणि ते त्यानेच वहीत लिहायचं. कुत्र्याचं नाव सांगितलं तरी लिहू द्या. सहा महिन्यांनी ती वही उलटून पाहा, तुमची प्रार्थना कुठे-कुठे फिरून आली ते दिसेल. प्रत्येक नावाला एक वाक्य पुरतं. आपल्याकडे लांब प्रार्थना म्हणजे खोल प्रार्थना असा समज आहे आणि त्यापायी घरातल्या अबोल माणसांची तोंडं कायमची बंद झाली आहेत.

शेवटी प्रभूची प्रार्थना, सगळ्यांनी एकत्र, मोठ्याने. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या 'दिदाखे' नावाच्या छोट्या पुस्तिकेत विश्वासणाऱ्यांना ही प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलंय. म्हणजे पाठ प्रार्थना म्हणजे कोरडी प्रार्थना, ही आपली समजूत त्या लोकांची नव्हती. ज्या रात्री बाकी काही जमणार नाही, त्या रात्री एवढीच म्हणा आणि झोपा. तो दिवस खाडा धरू नका.

व्हॉट्सॲपबद्दल एवढंच सांगतो की रोज सकाळी फुलांच्या चित्रावर वचन पाठवणं म्हणजे प्रार्थना नव्हे. पण दोन घरांचा गट करून त्यावर "आज यांच्यासाठी" म्हणून एक नाव टाकलं, तर दूरच्या माणसालाही आधार होतो. शिफ्टवर असलेल्या यजमानांना ते नाव पाठवा. उत्तराची वाट पाहू नका.

"मला काहीच जाणवत नाही" असंही तुम्ही लिहिलंय. त्याचं उत्तर मला माझ्या आयुष्यातून द्यावं लागेल. पत्नीच्या मोठ्या आजारपणात मी जवळजवळ वर्षभर प्रार्थना करू शकलो नाही. रविवारी उपदेश करत होतो, आजाऱ्यांच्या डोक्यावर हात ठेवत होतो, आणि घरी येऊन गुडघे टेकले की आत नुसता दगड. ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. महिला मंडळातल्या तिघी दर मंगळवारी दुपारी घरी येऊ लागल्या. हिला बघायला येतात असं मला वाटायचं. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी त्यांच्यातली थोरली म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्ही प्रार्थना करू नका. आम्ही करतो. तुम्ही नुसतं आमेन म्हणा." मी सात महिने नुसतं आमेन म्हटलं. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी खाटेवर घालून, छप्पर उघडून येशूपुढे सोडलं, ती मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातली गोष्ट मी कितीदा तरी उपदेशात सांगितली होती. त्या वर्षी मी त्या खाटेवर होतो. येशूने त्यांचा विश्वास पाहिला असं तिथे लिहिलंय, खाटेवरच्या एकट्याचा नव्हे.

तेव्हा जाणवत नसेल तर नसू दे. कोणाच्या तरी प्रार्थनेला आमेन म्हणायला जाऊन बसा. मात्र आईच्या जाण्याने झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल आणि हे बरेच महिने चाललं असेल, तर डॉक्टरांनाही दाखवा. ते विश्वासाचं अपयश नाही, आणि कोणी तसं म्हणालं तर माझं नाव सांगा.

एकदा सवडीने यजमान आणि मुलाला घेऊन केडगावला जाऊन या. दौंडच्या रेल्वेमार्गावर आहे, हडपसरहून लांब नाही. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत बाईंनी मुलींना विचारलं होतं की रोज एकत्र येऊन प्रार्थना करायला कोण तयार आहे? ७० जणी पुढे आल्या. जूनपर्यंत रोज दोन वेळा जमणाऱ्यांची संख्या ५५० च्या आसपास गेली होती, आणि मग तिथे जे आत्मिक जागरण झालं ते जगभर गाजलं. लोक जागरणाबद्दलच बोलतात. मला त्या आधीच्या पाच-सहा महिन्यांचं जास्त मोल वाटतं. दुष्काळात आईबाप गमावलेल्या पोरी त्यांच्यात होत्या, कोणाला धड वाचताही येत नसेल, आणि त्या रोज उठून एकमेकींशेजारी जाऊन बसत होत्या, काहीही घडत नसताना.

आणखी एक. गावच्या मावशी अजून आहेत का ते तुम्ही लिहिलं नाही. असतील तर आजच रात्री त्यांना फोन करा. आई पहिल्यांदा कोणतं गीत घ्यायची ते विचारा, आणि फोनवरच त्यांच्याकडून एक कडवं म्हणवून घ्या, मुलाला शेजारी बसवून.